टाचेचा दरबार

पावसाळ्यात नळदुर्गला पाहुणे येतात ते आम्हाला भेटायला नव्हे. किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले का, ते बघायला. मग किल्ला दाखवायचं काम माझ्याकडं. उपळी बुरुजाच्या पायऱ्या मी न थांबता चढतो आणि वर जाऊन, तोफेला टेकून, धापा टाकत येणाऱ्या साडूकडं बघतो. खरं तर त्या बघण्यासाठीच चढतो.

त्या पायऱ्या चढणारी माझी टाचच फितूर झाली. तीही सकाळी, खाटेवरून उतरताना. पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखी कळ, आणि मोरीपर्यंत पोचेस्तोवर गायब. त्यामुळं घरात कुणाला खरंच वाटेना. मग गरम विटेवर रुईचं पान, पानावर माझी टाच, आणि टाचेभोवती सगळं घर.

आता पाणीमहालाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, पाहुण्यांनाही मी जाऊ देत नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीला बांध घालून किल्ला पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याला जोडला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल काढला. वरून नदी कोसळते आणि आपण आत गवाक्षात कोरडे! बांधणाऱ्या गवंड्यांच्या टाचांचं काय झालं, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

असो. एक्स-रेत हाड वाढलेलं निघालं. तो फोटो मी आल्यागेल्याला दाखवू लागलो. डॉक्टरांनी हवाच काढली. "असं हाड पुष्कळांचं वाढतं, दुखत काही नाही. दुखतोय तो टाचेपासून बोटांकडं जाणारा पट्टा. पोटऱ्या ताणा, बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवा, फरशीवर अनवाणी फिरू नका. महिने लागतील. पण सूज आली, लाल झाली, ताप भरला, मुंग्या आल्या, पडल्या पडल्याही ठणकायला लागली किंवा पाय टेकवेनाच, तर रुईच्या पानाची वाट बघू नका. शुगर असलेल्यांनी तर मुळीच थांबू नये."

हे चाललेलं असताना बायको माझी फाईल धरून मागं उभी होती, एका पायावर. घरीही ओट्याशी भाकऱ्या थापताना ती अशीच, एक पाय दुसऱ्यावर ठेवून, शहाबादी फरशीवर उभी असते. मला ती तिची लकब वाटायची.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, तुमची कधीपासून दुखते?"

"धाकटीच्या बाळंतपणापासून."

धाकटीची लेक यंदा दहावीला आहे. डॉक्टरांनी मला खुर्चीवरून उठायला सांगितलं.