साडू, सुरत आणि सोडा

गुजरातेत दारूबंदी आहे, हे महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला ठाऊक असतं. ती आपल्यालाही लागू आहे, एवढंच त्याला पटत नाही. "कागदावर असतं हो सगळं, तुमची कुठंतरी ओळख असेलच," असं म्हणत तो घारीचा तुकडा तोंडात टाकतो आणि माझ्याकडे असा बघतो, जणू मी अडाजणला फ्लॅट नव्हे, गुत्ता घेतलाय.

यंदा पुण्याहून साडू आणि मेहुणी आले, जळगावहून बायकोचे तात्या आले. साडूंना हल्ली क्राफ्ट कॉकटेलचा नाद लागलाय. साधी व्हिस्की-सोडा घेणारा माणूस दिसला की त्यांना त्याची कणव येते. बर्फ आरपार दिसणाराच हवा, संत्र्याची साल आधी जाळायची आणि मग पिळायची, कडवट थेंब मोजून टाकायचे, असं सगळं सोवळं. तात्यांनी शांतपणे विचारलं, "एवढं सगळं करून चढते ना?" साडूंनी उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, "सुरतेत असं काही नसेलच."

आहे की! वेसूला नेलं. आत काळोख, पिवळे दिवे, भिंतीवर सरबतांच्या बाटल्यांची उतरंड. चामडी ॲप्रन घातलेला पोरगा शेकर हलवत होता आणि त्याच्या दंडावरचं गोंदण त्याहून जास्त हलत होतं. पेल्यावर काचेचा घुमट, घुमटात दालचिनीचा धूर. मेहुणीचं रील काढून होईपर्यंत आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून धरला. घुमट उचलला, धूर गेला आणि खाली उरलं कोकम, आलं आणि सोडा. साडूंनी आवाज खाली आणून वेटरला विचारलं, "यात बाकी काही...?" तोही तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "पुदिना, सर." तात्यांनी एक घोट घेऊन पेला बाजूला ठेवला आणि कोल्ड कोको मागवला. त्या टेबलावर शहाणे तेवढेच. बिल आलं तेव्हा मात्र साडूंना खरोखरच चढली.

परतताना गाडीत साडूंनी निकाल दिला, की सुरतेला कॉकटेलची संस्कृतीच नाही. आता मी जन्मानं सुरती नाही, पण इतकी वर्षं इथला लोचो खाल्लाय. त्याला जागलं पाहिजे.

साडू, १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेत इंग्रजांच्या वखारीत पाहुणा म्हणून राहिला होता. वखारीचा प्रेसिडेंट मेथवोल्ड. दर शुक्रवारी प्रार्थना उरकली की प्रेसिडेंट आणि त्याच्या नात्यातले तीन व्यापारी एकत्र बसत. इंग्लंड सोडलं तो वार शुक्रवारचा, म्हणून मागे राहिलेल्या बायकांच्या नावानं पेले उचलायचे, असा रिवाज त्यांनी पाडला होता. बायको सात समुद्रांपलीकडे असल्याचं दुःख इतक्या नियमानं साजरं करणारे नवरे इतिहासात विरळा. पेल्यात काय, तेही मांडेल्स्लोनं लिहून ठेवलंय: कडक मद्य, गुलाबपाणी, लिंबाच्या जातीच्या फळाचा रस आणि साखर. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, हवं तसं मिसळावं. काही मंडळी झेपेल त्याहून जास्त घेत, हेही त्यानं नोंदवलंय. जगभरच्या बारमध्ये आज पंच म्हणून जे देतात, त्याच्या सुरुवातीच्या नोंदींत ही सुरतेची नोंद आहे. म्हणजे पाहुणे, नातेवाईक, शुक्रवारची संध्याकाळ आणि हातानं ढवळलेलं कॉकटेल, हा सगळा प्रकार आमच्या गावात पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हा तुमच्या पुण्यात काय मिळत होतं, हे मी विचारलं नाही. साडू आहेत, संबंध राखावे लागतात.

पाहुणचार अंगाशी येण्याची परंपराही इथलीच. त्याआधी २१ वर्षं, १६१७च्या डिसेंबरात, टॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी सुरतेत पोचला. गडी आशियातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता आणि पोट आधीच बिघडलं होतं. वखारीतल्या देशबांधवांनी विलायती वाइन पुढे केली, यानं नाही म्हटलं नाही, जुलाब बळावले आणि काही दिवसांत कारभार आटोपला. अर्धं जग पायाखाली घालून आलेल्या माणसाला आग्रहानं मारलं.

साडू यावर खळखळून हसले. "आणि आता पुदिना!" म्हणाले. हे हसू मी दर पाहुण्याकडून ऐकतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला सुरतेत शिरताना आपण अधिक प्रगत असल्याचा साक्षात्कार होतो. म्हणून थोडं कायद्याचं.

ज्या कायद्यानं साडूंच्या पेल्यात कोकम घातलं, तो १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजीभाईंच्या काळातला, अखंड मुंबई राज्याचा. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली, मुंबई कुणाची यावर रक्त सांडलं, पण हा कायदा दोघांनीही निमूट सांभाळला. पुढे दोन्हीकडे त्याच्या नावातला 'मुंबई' गेला. आमच्याकडे 'गुजरात' आला, तुमच्याकडे 'महाराष्ट्र'. म्हणजे पुण्यातल्या त्या आरपार बर्फावर आजही महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचंच राज्य आहे. बंदी तशीच आहे, तुम्हाला फक्त तिच्यातून सूट मिळते, आणि तीही परवान्यावर. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचा शंभर, आजन्म हजार. परवान्याचं कारण काय, तर प्रकृती सांभाळणे! वर्धा आणि गडचिरोली तर आजही कोरडे. चंद्रपूर २०१५ला कोरडं झालं आणि २०२१ला पुन्हा ओलं. साडूंना विचारलं, "तुमचा परवाना कुठंय?" ते म्हणाले, "कसला परवाना?"

तर फरक इतकाच. तुमच्याकडे परवाना कुणी मागत नाही आणि आमच्याकडे मागतात.

आमचा परवाना मिळतोही, पण त्याची कथा वेगळी. गुजरातचा रहिवासी असाल तर वय चाळीसच्या पुढे हवं, डॉक्टरांचा दाखला हवा, आणि दारूवाचून तुमच्या तब्येतीचं कसं होणार याची सरकारी वैद्यकीय मंडळाला खात्री पटायला हवी. पन्नाशीपर्यंत महिन्याला तीन युनिट, पासष्टीपर्यंत चार, त्यापुढे पाच. जगभरचे डॉक्टर वय वाढलं की कमी करा म्हणतात. गुजरात सरकार ज्येष्ठांचा मान राखतं.

पाहुण्याचं सोपं. परराज्याचं ओळखपत्र दाखवलं की आठवड्याचा परवाना मिळतो, आणि काही मोठ्या हॉटेलांत परवान्यावर बाटली विकण्याचं दुकान असतं. साडूंनी मोबाइलवर अर्ज केला, काम झालं. पण परवाना एकट्या साडूंचा. त्यांनी मला घोटभर दिली तर त्यांचाही गुन्हा, माझाही. म्हणजे पाहुण्यानं प्यायची आणि यजमानानं शेंगदाणे पुढे सरकवायचे. आतिथ्याचा इतका कडक कायदा धर्मशास्त्रातही नसावा.

उरली दमण. पोर्तुगीज १९६१ला गेले, त्यांच्या मागे राहिलेली ही पेठ अर्ध्या दक्षिण गुजरातची शनिवारची संध्याकाळ चालवते. सुरतेहून दोन-अडीच तास. जाताना सगळे मित्र, येताना सगळे आरोपी. थर्टी फर्स्टला वलसाड जिल्ह्यात पकडलेल्या मंडळींना पोलीस ठाणी पुरत नाहीत, म्हणून पोलिसांना मंडप घालावे लागल्याच्या, लग्नाचे हॉल घ्यावे लागल्याच्या बातम्या येतात. तात्यांची गाडी तर नवापूरवरून आली. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि फलाटावरचं एक बाकडंही तसंच वाटलेलं. एका टोकाला बसलात तर बाटली पाच रुपयांच्या कागदाची, बूड सरकवलंत तर पोलीस केसची. (रेल्वेच्या हद्दीत पिणं दोन्ही टोकांना गुन्हाच आहे. उगाच प्रयोग नकोत.)

इथवर हसायला हरकत नाही. पण १७ डिसेंबर २०२३ला सुरतेत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं, आणि पाचच दिवसांनी सरकारनं दारूची सवलत जाहीर केली ती गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीला. तिथले नोकरदार आणि त्यांचे अधिकृत पाहुणे जेवणासोबत पिऊ शकतील, कारण परदेशी गुंतवणूकदाराला संध्याकाळी काहीतरी लागतं. हिरे घासणाऱ्यालाही संध्याकाळी काहीतरी लागत असेल, लूम चालवून थकलेल्या आमच्या लिंबायत-उधन्याच्या खानदेशी माणसालाही. त्याला ना वैद्यकीय मंडळाच्या खेपा परवडतात, ना परवान्याच्या दुकानातली बाटली. त्याच्या वाट्याला गावठी दारूची पोटली येते. २०२२च्या जुलैत बोटादकडे पोटलीतून मिथेनॉल गेलं आणि चाळीसहून अधिक माणसं मेली. गुजरातीत त्याला लठ्ठाकांड म्हणतात, आणि हा शब्द इथल्या वर्तमानपत्रांना अधूनमधून लागतोच.

बंदी नुसती वरून लादलेली आहे, असंही नाही. १९२२ साली याच सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींनी देवीचा आदेश म्हणून दारू-ताडी टाकली होती. गावंच्या गावं स्नान करून, मांस-मद्य सोडून मोकळी झाली आणि पिठेवाले धास्तावले. तेव्हा ना परवाना होता, ना श्वास हुंगणारं यंत्र. त्या बंदीपुढे मी टोपी काढतो. गिफ्ट सिटीला एक आणि लिंबायतला एक, अशी जी बंदी आहे, तिच्यासमोर टोपी डोक्यावरच बरी.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनो, सुरतेला जरूर या. थंडीत या, पोंक खा, डुमसला जाऊन टोमॅटोची भजी खा, आणि लागत असेल तर परवाना आधीच काढून या. आमच्या ओळखीच्या भरवशावर येऊ नका, ती कोकोवाल्यापलीकडे जात नाही. आणि घरी परतल्यावर आपल्या गल्लीतल्या दुकानात जाऊन पाच रुपयांचा परवाना स्वतःच्या नावानं मागून बघा. दुकानदाराचा चेहरा कसा होतो, ते कळवा.