कंत्राटदार ओळखीचा आहे

खोली भाड्याने देताना घरमालक भाडेकरूचे आधारकार्ड, फोटो आणि पोलिसांकडची नोंद, सगळे मागतो. खोलीला जपावेच लागते. शाळेत माणूस ठेवताना मात्र ‘कंत्राटदार ओळखीचा आहे’ एवढे पुरते.

नियम नाहीत असे नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२०च्या नियमावलीनुसार मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने व्हायला हवी. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा राज्य सरकारचा आदेश २०२२चा. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या निषेधात बदलापूरचे लोक रेल्वेरुळांवर उतरले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी नवा शासन निर्णय निघाला: पडताळणी करा, सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा. म्हणजे नियम पाळा, असा नियम. तोही नाही पाळला, तर आणखी एक काढता येईल. कागद मुबलक आहे.

तक्रारपेटीचे तर कौतुकच. शिशुवर्गातल्या, अजून लिहिता न येणाऱ्या मुलांची केवढी सोय!

पालकहो, प्रवेशाच्या वेळी शाळा तुमच्याकडे डझनभर कागद मागते. तुम्ही एकच मागा: शिपाई, सफाई कामगार, बसचालक यांच्या पडताळणीचा. ‘नंतर या’ म्हणाले, तर उत्तर मिळाले असे समजा.