महाबळेश्वरचे चर्चासत्र

नव्या प्राध्यापकाच्या वाट्याला येणारे पहिले राष्ट्रीय चर्चासत्र बहुधा महाबळेश्वरला, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान भरते. याची कारणे शैक्षणिक नाहीत. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडावे लागते. पावसाळ्यात या गावात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, त्यामुळे तेव्हा ज्ञानदान अशक्यच. शिवाय हिवाळ्यात स्ट्रॉबेरी असते. एवढे जुळून आले की विषय ठरवायला फारसा वेळ लागत नाही.

कामकाज डोंगरावर नेण्याची चाल तशी जुनी आहे. सर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास हे ठिकाण वसवायला घेतले आणि पुढे मुंबई सरकार उन्हाळ्यात इथूनच कारभार पाहू लागले. २००९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरले. नियोजित अध्यक्ष आनंद यादव यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे ते अध्यक्षाविना पार पडले. चर्चासत्राला अशी काटकसर परवडत नाही. त्याला उद्घाटक, बीजभाषक, प्रमुख पाहुणे, सत्राध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष असे सगळे लागतात आणि सगळ्यांना दोन शब्द बोलायचे असतात.

निबंध वाचण्याची प्रेरणा विद्यापीठ अनुदान आयोगाने पुरवली. बढतीसाठीच्या २०१०च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधाला १० गुण होते, राष्ट्रीयला साडेसात आणि राज्यस्तरीयला ५. शेजारच्या राज्यातून एखादा प्राध्यापक मिळवून राज्यस्तरीय चर्चासत्राला राष्ट्रीय करण्याची कला याच काळात बहरली. २०१८मध्ये राष्ट्रीयचा भाव ३ गुणांवर आला. गर्दी मात्र कमी झाली नाही, कारण स्ट्रॉबेरीबाबत आयोगाने काही म्हटलेले नव्हते.

नवखा प्राध्यापक स्वारगेटहून एसटीने निघतो. जुने जाणते चौघांत गाडी करून येतात आणि प्रवासभत्ता चौघेही स्वतंत्र मागतात. वाई सुटली की पसरणी घाट लागतो. नवखा याच सुमारास निबंधावर शेवटची नजर टाकायला घेतो. पसरणी घाटात संदर्भसूची वाचू नये, असे कोणत्याच माहितीपत्रकात छापलेले नसते.

नोंदणीच्या टेबलावर शुल्काची पावती दाखवून पिशवी मिळते. तिच्यात एक पॅड, उद्घाटन संपेपर्यंत चालणारे पेन, जेवणाची कुपने आणि गळ्यात अडकवायचा बिल्ला असतो. बिल्ल्यावर ‘कुळकर्णी’चे ‘कुलकर्णी’ झालेले असते आणि विभाग भूगोलाऐवजी गृहविज्ञान. टेबलावरची मुलगी अदबीने म्हणते, “सर, सर्टिफिकेटवर बरोबर येईल.” सर्टिफिकेटवर ‘कुलकर्णी’च राहते. विभाग इतिहास होतो.

दहाचे उद्घाटन साडेअकराला सुरू होते. समईच्या पाच वातींपैकी तिसरी पेटेपर्यंत पहिली वाऱ्याने विझते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या जातात आणि दरीचे दर्शन बंद होते. मग सत्कार होतो. सत्कारात मिळालेली शाल त्याच दिवशी अंगावर घेतली जाते असे महाराष्ट्रातले हे जवळजवळ एकमेव ठिकाण असावे. बीजभाषण पंचेचाळीस मिनिटांचे ठरलेले असते आणि सव्वा तास चालते. हा वेळ नवख्यांच्या वेळेतून कापला जातो.

नवख्याचा निबंध असतो ‘वेण्णा तलावावरील पर्यटनाचा ताण’. सातारच्या राजांनी १८४२ साली बांधलेला हा तलाव आहे. भोवतालचा महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हणजे विषय उत्तम. फक्त निबंध जेवणानंतर येतो आणि त्या वेळी सभागृहातले निम्मे प्रतिनिधी त्याच तलावात बोटीतून फिरत असतात. उरलेल्यांत ज्यांचे वाचन व्हायचे आहे ते असतात, शिवाय स्वयंसेवक आणि माइकवाला. पंधरा मिनिटांची सहा मिनिटे झालेली असतात. चौतीस स्लाइडांपैकी सातवी चालू असताना सत्राध्यक्ष घंटी वाजवतात आणि थेट निष्कर्षावर यायला सांगतात. निष्कर्ष असा असतो की वाहने कमी यावीत.

अडचणीच्या प्रश्नांची उत्तरे नवख्याने रात्री जागून तयार ठेवलेली असतात. ती वाया जातात. पहिल्या रांगेतले एक निवृत्त सर डोळे उघडून उठतात, “प्रश्न नाही, फक्त पुस्ती जोडतो,” म्हणतात आणि आपल्या स्वतःच्या प्रबंधाचा सारांश सांगतात. चहा झाल्यावरचे सत्र कागदावर होते. त्या वेळी सूर्यास्तासाठी मुंबई पॉइंटवर गेलेली मंडळी पुरेशी असल्याने सत्र तिथे भरवायला काही हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, गोठलेले दव पाहायला, तलावाकाठी सगळे वेळेवर हजर असतात. दहाच्या सत्राला कोणी नसते. प्रमाणपत्रे समारोपानंतर मिळतील, असे तीनदा जाहीर होते आणि “गाडी आहे” असे सांगणाऱ्या प्रत्येकाला ती दुपारीच दिली जातात. नवखा समारोपापर्यंत थांबतो. त्याच्याकडून आभारप्रदर्शन करून घेतात.

निबंधांचे पुस्तक वर्षभराने निघते. त्याला आयएसबीएन क्रमांक असतो, लेखकाला एक प्रत विकत घ्यावी लागते. पान उघडले की ‘तक्ता क्रमांक २ पाहावा’ असे ठळक छापलेले दिसते. तक्ते घेतलेलेच नसतात.