आधी अर्थिंग, मग ग्राफिक कार्ड

गेमिंग पीसीच्या याद्या मुंबई-बेंगळुरूच्या एसी खोल्यांत बनतात आणि बीड, केज, माजलगावची पोरं त्या जशाच्या तशा उतरवून घेतात. यादीत सगळ्यात वर ग्राफिक कार्ड, तळाला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. आपल्याकडं ही यादी खालून वर वाचायची आणि सुरुवात करायची ती भिंतीतल्या प्लगपासून.

डीपीवर लोड वाढला की व्होल्टेज बसतं, लाईट जाते आणि परत येताना झटका देते. तो झटका पहिल्यांदा एसएमपीएस झेलतो. वजनाला हलका, हजाराच्या आतला, डब्यावर ‘५०० वॅट’ छापलेला एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, मदरबोर्डही सोबत नेतो. पन्नास हजारांच्या मशीनमधले तीन-साडेतीन हजार इथं घाला. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. त्यासोबत वॉरंटी किती वर्षांची आहे तेही विचारा. यूपीएस घेताना आकड्याला भुलू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, आणि मॉनिटरही त्याच्यावरच असतो.

आणि अर्थिंग. भाड्याच्या कितीतरी खोल्यांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरची थोडी गळती जमिनीत जायला हवी. वाट नसली की ती पत्र्यावर येते आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, ‘काही होत नाही, नॉर्मल आहे.’ नॉर्मल नाही. कॉम्प्युटर आणायच्या आधी वायरमन बोलवा.

आता लहान आकाराचं. पोराला छोटा पीसी हवा असतो, त्याचं कारण खरं आहे: एका खोलीत तिघं, टेबल एक आणि दिवाळीला मशीन एसटीतून गावी न्यायचं. पण लहान म्हटलं की लगेच मिनी-आयटीएक्स कशाला? २००१ मध्ये व्हिया कंपनीनं आणलेला हा १७ सेंटिमीटर चौरस बोर्ड देखणा आहे. त्यावर रॅमच्या जागा बहुधा दोनच, कार्डाची एकच, आणि पैसे मात्र जास्त. २४.४ सेंटिमीटरचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि त्याला बसेल असं आखूड कॅबिनेट घ्या. पुढून काच नको, जाळी हवी. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या पत्र्याच्या खोलीत काचेमागचे रंगीत पंखे तीच गरम हवा आतल्या आत फिरवतात. जाळीचा फिल्टर काढून धुता येतो का, ते दुकानातच बघा. काळ्या रानाची धूळ आणि जिनिंगच्या दिवसांतलं कापसाचं तूस तिथंच अडतं.

मग येते चिप. आज हात आखडता असेल तर ग्राफिक कार्ड थांबू द्या. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट चालतो, सेटिंग उतरवून जीटीए फाइव्हही. मात्र हे ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन लावा. फरक खेळताना दिसतो. पुढं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल बघा: ७० वॅटचं कार्ड, बहुतेकांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. आरएक्स ६४०० इवलंसं आहे, पण त्याला पीसीआयईच्या चारच लेन आणि ५६००जी जुन्या पीसीआयई ३.० पिढीचा वेग देतो. ही जोडी जमत नाही.

रॅम महागली आहे, हे खरं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. केजच्या पोराचं बजेट तिथं कोलमडलं. याच संधीत ऑफिसांतून निघालेले जुने बुटके डबे ‘आय७ गेमिंग’ म्हणून विकले जातात. ही फसवणूक आहे. आय७-४७७० मधला डॅशनंतरचा ४ म्हणजे चौथी पिढी. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढंच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या डब्यांतली डीडीआर३ रॅम पुढच्या बोर्डाला बसत नाही. अनेक डब्यांचा एसएमपीएसही कंपनीच्याच मापाचा असतो. जळाला की बाजारातला लागत नाही.

बिल पक्कं घ्या, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर बोर्ड घेतला आणि तो सहा महिन्यांनी बंद पडला, तर वॉरंटी मागायला हातात कागदच नसतो.