फार तर वीस दिवस

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर दोन-चार आकडे मांडले, खाली आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "पंधरा दिवस. फार तर वीस."

कार्तिक वद्य एकादशीची निर्मळची जत्रा नुकतीच आटोपली होती. काम म्हणाल तर एका न्हाणीघराचं. घर समुद्रापासून पाच मिनिटांवर असलं की कळंबची खारी हवा सिमेंटमधून आत शिरते, सळई गंजून फुगते, आणि एके दिवशी आंघोळ करताना छताचा पापुद्रा थेट बादलीत येतो. आमच्याकडे तो बाबांच्या बादलीत आला, म्हणून काम निघालं. वर्षभर माझ्या बादलीत येत होता तेव्हा सगळे त्याला 'जरासा चुना' म्हणत होते.

रेघेखाली मिस्त्रींनी तारीखही टाकली : '१५ डिसें.'

पहिल्या दिवशीचा झपाटा पाहून मला पंधरा दिवसही जास्त वाटले. दोन बिगाऱ्यांनी दुपारच्या जेवणाआधी लाद्या, डॅडो, नळ, सगळं उखडून डेब्रिजचा ढीग वाडीत केळींपाशी लावला. तोडायला किती वेळ लागेल याचा अंदाज कुणाचाच कधी चुकत नाही. मिस्त्री ढिगाकडे पाहत समाधानाने म्हणाले, "अर्धं काम झालं."

उरलेल्या अर्ध्यासाठी रेती लागणार होती. ती शनिवारी निघाली. "दादा, निर्मळ नाक्याला अडकलोय. नुसत्या गाड्याच गाड्या," टेम्पोवाल्याचा फोन. शनिवार-रविवार मुंबई आमच्या किनाऱ्यावर पाय भिजवायला येते. आमच्या घरात तेव्हा पाय धुवायला जागा नव्हती.

रेती आली तोवर नाताळ आला. गवंडी ख्रिस्ती, तो वीस तारखेला गेला तो नवीन वर्ष घेऊनच उगवला. मग प्लंबर आणि गवंडी यांच्यात 'पहिले आप' सुरू झालं. प्लंबर म्हणे, आधी भिंतीला टाचे मारून होऊ देत. गवंडी म्हणे, आधी पाइप टाकून होऊ देत. दोघेही माझ्याकडे पाहत, जणू मी मध्ये उभा आहे म्हणूनच काम अडलंय. शेवटी कोबा झाला. गळतं का ते पाहायला त्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवायचं असतं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पाणी नाही. मिस्त्री म्हणाले, "मुरलं असेल." ते कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्याखाली मुरलं होतं. नहाणी ट्रॅपचा सांधा गळका. पुन्हा फोडलं. तोडण्याचा अंदाज याही वेळी चुकला नाही.

या काळात आम्ही आंघोळीला शेजारच्या काकींकडे जात होतो. पहिल्या आठवड्यात "ये रे, घर काय परकं आहे?" आणि वर चहा. संक्रांतीला काकींनी दारामागे आमच्या टॉवेलांसाठी वेगळी खुंटी ठोकून दिली. तेव्हाच मी समजलो. मिस्त्रींचा अंदाज ऐकून काकींनी स्वतःचा वेगळा अंदाज केला होता, आणि तो बरोबर होता. फेब्रुवारीपासून चहा बंद झाला आणि मला पहाटे सव्वापाचचा नंबर मिळाला. नालासोपाऱ्याहून गाडी पकडणाऱ्याला तो सोयीचाच, पण सव्वापाचला काकींचा कुत्रा मला रोज नव्याने ओळखायला नकार देई.

अंदाज चुकण्याचा हा रोग आमच्या मिस्त्रींचाच नाही. डॅनियल कानेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इस्रायलमध्ये शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक करायला घेतलं होतं. किती वेळ लागेल, हे चमूतल्या प्रत्येकाने कागदावर लिहिलं. सगळ्यांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास. चमूत एक जाणकार होते. अशा बाकीच्या चमूंना किती वर्षं लागली, असं विचारल्यावर त्यांना आठवलं की पुष्कळांनी अर्ध्यातच सोडलं आणि उरलेल्यांना सात ते दहा वर्षं लागली. मौज अशी, की हे ठाऊक असूनही या गृहस्थांनी कागदावर दोनच्या आसपासच लिहिलं होतं! पुस्तकाला आठ वर्षं लागली, आणि झालं तोवर ते कुणाला नको होतं. १९७९ साली कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी या भ्रमाला रीतसर नाव दिलं. २००२ साली कानेमनना नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या एका पाहणीत अमेरिकेत स्वयंपाकघर नवं करून घेणाऱ्यांनी सरासरी १८,६५८ डॉलर खर्च धरला होता, झाला ३८,७६९. म्हणजे नोबेलचाही ओट्यावर काही परिणाम होत नाही.

हे वाचून मला बळ आलं. मी मिस्त्रींना गाठलं.

"मिस्त्री, आजवर किती न्हाणीघरं केलीत?"

"चाळीसेक असतील."

"त्यातलं एखादं तरी पंधरा दिवसांत झालंय?"

मिस्त्रींनी पेन्सिलीने कान खाजवला. प्रामाणिक माणूस. "नाय बा."

"मग सांगता कशाला?"

"दादा, सहा महिने सांगितले असते तर काकांनी काम काढलं असतं?"

पडवीतून बाबा म्हणाले, "नसतं काढलं."

यावर मला बोलायला काही उरलं नाही. आता आमच्या सोपाऱ्याचाच स्तूप घ्या. १८८२ साली तो भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला. त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. लहानपणापासून तो स्तूप पाहतोय, पण आता त्या विटांकडे पाहिलं की वाटतं, इथेही कुणीतरी कानामागचं काहीतरी काढून म्हणालं असणार, "पंधरा दिवस, महाराज." नाहीतर वीट रचली कशी गेली असती?

वर बाबांनी विचारलंच, "आणि तो झोपाळा?" पडवीतल्या झोपाळ्याची एक कडी बदलायची आहे. ती मी गेल्या की त्याच्या मागच्या दिवाळीत 'अर्ध्या तासात' बदलणार होतो. त्यामुळे मी विषय शिमग्याकडे वळवला, कारण बिगारी जव्हारचे, आणि शिमग्याला ते गावी जाणार होते.

तर लाद्या बसल्या. तीन कमी पडल्या. त्या रंगाचा माल संपला होता, म्हणून आता दारामागे तीन निळ्या आहेत. मिरगाला दोन आठवडे असताना न्हाणीघर झालं, आणि उत्तम झालं. पहिली आंघोळ बाबांची. बादलीत पाण्याशिवाय काही पडलं नाही. काकींना पेढे दिले. खुंटी त्यांनी काढलेली नाही.

राहिली ती स्वयंपाकघराबाहेरची भिंत. पोरांच्या उंचीच्या खुणा कराव्यात तशा तिच्यावर तारखा चढत गेल्या आहेत : '१५ डिसें.' खोडून '५ जाने.', ते खोडून 'संक्रांत', मग 'शिमग्याआधी', मग नुसतंच 'बघू'. तिच्यावर रंगाचा एक हात मारून घ्यायचा म्हणून परवा रंगाऱ्याला बोलावलं. त्याने भिंत वरपासून खालपर्यंत वाचली, हसला, माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि 'बघू'च्या खाली लिहिलं : 'दीड दिवस.'