काकडं घेतली नाहीत म्हणून

टोकावड्याला मी गेलो त्याचं खरं कारण माझा घसा. जूनचा पहिला पाऊस नुकता पडून गेला होता आणि कल्याणच्या बाजारात रस्त्याकडेला एक मावशी शेवळं घेऊन बसल्या होत्या. शेवळ म्हणजे सुरणाचा रानातला भाऊबंद. पहिल्या सरीबरोबर जमिनीतून भाल्यासारखा वर येतो आणि चार दिवस बाजार गाजवून नाहीसा होतो. मी दोन जुड्या घेतल्या. मावशी म्हणाल्या, "संगती काकडं घ्या." काकडं म्हणजे काकडाच्या झाडाची हिरवी, आंबट फळं. वाटा दहा रुपये. एरवी भाजीवाल्या चार काड्या कोथिंबीर फुकट टाकतात, आणि ही बाई वर आणखी पैसे मागते, हे काही मला रुचलं नाही. मी बाणेदारपणे नकार दिला.

"मंग खाजंल," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, विकायची युक्ती.

त्या रात्री आमच्या घरात जी शांतता होती ती दहावीच्या निकालाच्या दिवशीही नव्हती. चौघंजण चार कोपऱ्यांत जिभा बाहेर काढून बसलो होतो. ताक झालं, कोकम झालं, चिंच झाली. घशातून कोणी तरी काथ्याचा ब्रश फिरवतंय असं वाटत होतं. वरच्या मजल्यावरचे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक समाचाराला आले आणि जिन्यातूनच प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "कॅल्शियम ऑक्झलेट! सुईसारखे स्फटिक असतात हो. काकडाच्या आंबटपणाने त्यांचा त्रास कमी होतो. आतला पिवळा भाग काढला होता ना?" काढला नव्हता. उलट तोच चांगला दिसला म्हणून जास्त घातला होता.

पुढच्या आठवड्यात मी मावशींना शोधून काढलं, काकडांचे दोन वाटे घेतले आणि रीतसर माफी मागितली. त्या हसल्या. "आम्ही टोकावड्याकडल्या. भादव्यात या. रान बघा, मंग कळंल काय खायचं न् काय नाय." हे आमंत्रण मी प्राध्यापकांना सांगितलं ही माझी दुसरी चूक. त्यांच्याकडे सह्याद्रीतल्या दुर्मिळ फुलांची यादी तयारच होती, आणि पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलेली होती.

कल्याणहून आळेफाट्याची एस.टी. पकडली. शहाडच्या पुलावर गाडी इतका वेळ उभी राहिली की प्राध्यापकांनी कठड्याच्या फटीतल्या पिंपळाच्या रोपाचं कूळ, गोत्र आणि परागीभवन सांगून संपवलं. मुरबाडला रेल्वे येणार हे मुरबाडकर कित्येक वर्षं ऐकत आले आहेत. प्राध्यापकांच्या मते हा कारवीचाच प्रकार. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा डोंगर जांभळा करते, बी धरते आणि वाळून जाते. रेल्वेचा बहर तेवढा पाच वर्षांनी येतो. पण एक फरक आहे. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांचे निदान कूड तरी होतात.

सरळगाव मागे पडलं आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. ढगांनी वरचा अर्धा भाग खाल्लेला. नाणेघाटाकडचा कडा मधूनच दिसे, मधूनच हरवे. त्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांकडून जकात घेत असत म्हणतात. तिचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून माथ्यावर आहे. रांजण भरला की नाही माहीत नाही, पण टोल घ्यायची कला आपल्याकडे नवी नाही एवढं त्यावरून कळतं.

टोकावड्याला उतरलो तेव्हा मावशी यायला वेळ होता, म्हणून चहाच्या टपरीत बसलो. आणि तिथे ते घडलं. प्राध्यापकांनी यादी काढली, चष्मा पुसला आणि गल्ल्यावरच्या माणसाला वर्गात विचारावं तसं खणखणीत आवाजात विचारलं:

"काय हो, इथे जवळपास शिंदळ मिळते का?"

टपरीतल्या सगळ्या बशा एकदम थांबल्या. एका म्हाताऱ्याने टोपी सारखी केली. एक शाळकरी पोरगा खुदकन हसला आणि त्याच्या पाठीत लगेच धपाटा बसला. गल्ल्यावरचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "सर, इथं बायामाणसंबी चहा प्यायला येतात."

"अहो, माकुडी! शिंदळ माकुडी!" प्राध्यापक उठून उभे राहिले. त्याने प्रकरण जास्तच चिघळलं, कारण आता त्या बाईला आडनावही मिळालं होतं.

मग पुढची दहा मिनिटं त्या टपरीत जे व्याख्यान झालं ते एखाद्या कॉलेजातही झालं नसेल. शिंदळ माकुडी ही निवडुंगासारख्या मांसल खोडाची लहानशी वनस्पती. उभ्या कड्यांच्या कपारीत वाढते. तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीसारखी फुलं. महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही आपणहून उगवत नाही. डालझेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची शास्त्रीय नोंद केली आणि त्या वेळचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असं नाव दिलं. घाट चढून वर गेलं की जुन्नरकडे, शिवनेरीच्या कड्यावर ती आहे.

"म्हणजे गव्हर्नरसायबाच्या नावाची बाई, न् आपले लोक तिला शिंदळ म्हणतात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो."

"बराबर हाय," म्हाताऱ्याने चहाचा घोट घेतला. त्याचं इतिहासाचं वाचन बरंच असावं.

आमच्या चहाचे पैसे टपरीवाल्याने घेतले नाहीत. करमणूक म्हणून असेल, किंवा आम्ही लवकर उठावं म्हणून.

मावशी आल्या. डोक्यावर इरलं, हातात कोयता. आम्ही दोघं रेनकोट, टोपी, दुर्बीण, भिंग आणि छत्री अशा वेशात चंद्रावर निघाल्यासारखे. शेताच्या बांधावरच प्राध्यापक थबकले. कुंपणावर कळलावी फुलली होती. मी ती चित्रात पाहिली होती. पण चित्रातला विस्तव भाजत नाही, हा भाजतो. पाकळ्या खालून पिवळ्या, वर लाल, कडा नागमोडी आणि सगळ्या मागे वळलेल्या, दिवा लावल्यासारख्या. पानाच्या टोकाला शेपूट. त्या शेपटीने शेजारच्या झुडपाला धरून ती वर चढते. शेजाऱ्याचा आधार घ्यायचा आणि शेजाऱ्याच्याच डोक्यावर फुलायचं, हा गुण नावाला शोभणाराच.

"घरात न्यायची नाय," मावशी म्हणाल्या. "भांडणं लागतात."

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोणी तरी हिची कुंडी ठेवली असणार, अशी माझी त्या क्षणी खात्री पटली.

बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद उगाळून लावत, त्यावरून हे नाव, असं प्राध्यापक सांगू लागले. कंद दिसायला रताळ्यासारखा, पण त्यात कोल्चिसीन असतं. रताळं समजून खाणारे मेलेले आहेत. तरी तामिळनाडूचं हे राज्यफूल, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. १९४७ साली तिकडच्या मुलांनी वर्गणी काढून इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथला या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला होता.

"हिराबी विषारीच," मावशी शांतपणे म्हणाल्या. "गिळायचा नाय, मंग काय होत नाय."

मी मात्र 'कोल्चिसीन' या शब्दाला अडलो होतो. कुठे तरी वाचला होता. खिशातलं औषधांचं पाकीट काढलं. युरिक अॅसिड वाढून अंगठा सुजला की मी जी गोळी घेतो तिच्यावर तेच नाव. म्हणजे तीन वर्षं मी पाण्याबरोबर कळलावी गिळत होतो, तीही पावती घेऊन.

मावशींनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आम्ही ढोरांना हिच्यापासून लांब ठेवतो," त्या म्हणाल्या. "न् तुम्हाला डॉक्टर देतो? पैसे कोण कोणाला देतं?"

मी खरं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी गवतात प्राध्यापकांना त्यांच्या यादीतली एक गोष्ट सापडली: खरपुडी, म्हणजे कंदीलपुष्प. हिरवट नळी, वर पाच दांड्या एकत्र आलेला छोटासा कंदील. माशी वासाने आत शिरते; नळीत खाली वळलेले केस, त्यामुळे आत जाणं सोपं, बाहेर येणं अशक्य. मग केस सुकून मऊ पडतात आणि माशी तोंडाला पराग लावून बाहेर पडते. हे ऐकताना मला आमची सकाळची डोंबिवली लोकल आठवली. फरक एवढाच की कुर्ल्याला उतरताना आपल्या तोंडाला दुसऱ्याचं काय लागलं असेल ते सांगता येत नाही.

"दुर्मिळ! अतिदुर्मिळ!" प्राध्यापक कुजबुजले आणि फोटोसाठी आडवे झाले.

"हिचा कांदा लई गोड," मावशी म्हणाल्या. "लहानपणी आम्ही गुरं राखताना उकरून खायचो. लई खाल्ले."

प्राध्यापकांचा चेहरा असा झाला की जणू एखाद्याने ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी बंबात घातल्याचं सहज सांगावं. ते दुःखाने कोपरावर कलले आणि ते कोपर नेमकं आग्यात गेलं. आग्याच्या अंगावर काचेसारखे पोकळ, टोकदार केस असतात आणि ते मोडून कातडीत रुततात, हे त्यांनी पुढे आम्हाला नीट समजावून सांगितलं, पण त्या वेळी त्यांच्या तोंडून जे निघालं त्यात लॅटिन नव्हतं. टपरीत ते जो शब्द वनस्पतीसाठी वापरत होते, तोच होता, आणि या वेळी तो वनस्पतीला शोभत होता.

मावशींनी शेण आणायची तयारी दाखवली. प्राध्यापकांनी आधी नको म्हटलं. दोन मिनिटांनी म्हणाले, "ताजं असेल तर बघा."

परतताना बांधाबांधाने आलो. प्राध्यापकांच्या यादीत तीन खुणा झाल्या होत्या आणि कोपरावर हिरवा लेप. वाटेत मावशींनी रानातलं काय काय दाखवलं त्याची त्यांची वर्गवारी निराळीच होती: हे कच्चं, हे राख घालून उकळून, हे आंबट घालून, हे फक्त गुरांना, हे कोणालाच नाही. दुर्मिळ असा खण त्यांच्याकडे नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "असंल तं असंल. नसंल तं पुढल्या साली."

एस.टी. येताना दिसली तेव्हा त्यांनी पिशवीतून हातभर लांब गावठी काकडी काढून माझ्या हातात ठेवली. हिरवी, पोटाला पिवळी, अजून पावसाने ओली. मी तिच्याकडे पाहिलं. जूनमधली ती रात्र घशात जागी झाली.

"मावशी," मी गाडीत चढता चढता विचारलं, "हिच्यासंगती काय घालायचं?"

मावशींनी माझ्याकडे, मग प्राध्यापकांच्या कोपराकडे पाहिलं.

"मीठ," त्या म्हणाल्या.