दुसरी जागा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोर्नमथला, सकाळी सहा वाजता वाळूत तीन प्रकारचे जीव दिसतात. कुत्री, कुत्र्यांनी फिरायला आणलेली माणसं, आणि हा.

हा म्हणजे साठी उलटलेला, गुडघ्यांना रबरी पॅड बांधलेला, कानांवर जाडजूड हेडफोन चढवलेला गृहस्थ. हातात एक दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. ती वाळूला टेकू न देता, दोन बोटं वर राखून, तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत असतो. अंगण सारवणाऱ्या बाईच्या हाताला जी लय असते तीच. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढलाच पाहिजे, मध्ये कोरी पट्टी राहता कामा नये. दुसऱ्या हातात पोलादी, भोकाभोकांचं, लांब दांड्याचं एक अवजार. आमच्या सौभाग्यवतींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "अहो, हा एवढ्या सकाळी बुंदी पाडायला कुठे निघालाय?"

तिचं फार चुकलं नव्हतं. तो झाराच. ओली वाळू त्यात भरून हलवायची, वाळू गळून जाते, धातू वर राहतो. तेव्हापासून आमच्या घरात या जमातीला झारेकरी हे नाव पडलं. आपल्याकडचे खरे झारेकरी सोनाराच्या भट्टीची राख आणि दुकानाचा केर विकत घ्यायचे, तो धुवायचे आणि त्यातून सोन्याची कणी काढायचे. पण ते पोटासाठी. हा इंग्रज पेन्शनीत निघालेला असतो, हजार पौंडांचं यंत्र पदरचं घेतलेलं असतं, आणि सोनं सापडलंच तर ज्याचं असेल त्याला नेऊन देतो. लष्कराच्या भाकरी भाजण्याचा याहून शुद्ध नमुना मी पाहिलेला नाही.

हेडफोन कशाला, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मी आपला समजत होतो की घरी बायको बोलत असेल, बाहेर सवय मोडत नसेल. तसं नाही. तो मामला गाण्यातल्या दर्दी माणसाचा आहे. चकतीत तारेची वेटोळी असतात. एक वेटोळं चुंबकी लहर वाळूत सोडतं. खाली धातू असला की त्यात बारीकसा प्रवाह उठतो आणि त्याची उलटी लहर वर येते. दुसरं वेटोळं ती ऐकतं. लोखंड खर्जात घुरघुरतं, चांदी वरच्या सप्तकात लागते. सोन्याची अंगठी मध्येच कुठेतरी बोलते, आणि इथेच शीतपेयवाल्यांनी घात केलेला आहे. कोकचा, बिअरचा डबा उघडायची जी अॅल्युमिनियमची कडी असते ती थेट त्याच सुरात गाते. पूर्वी ही कडी झाकणापासून सुटून हातात यायची आणि लोक ती वाळूत भिरकावायचे. ते लोक म्हातारे झाले, कड्या अजून वर येताहेत. यंत्राला फरक कळत नाही, त्यामुळे कडी टाळू पाहणारा माणूस सोनंही टाळतो. प्रत्येक कडी वाकून, गुडघे टेकून, खणून काढावी लागते.

झारेकऱ्याला त्याचं दुःख नसतं, हे मला या माणसाचं सगळ्यात अगम्य अंग वाटतं. कडी हातात आली की तो ती उलटीसुलटी करतो, "सत्तरच्या दशकातली," असं म्हणतो आणि कमरेच्या पिशवीत टाकतो. सुरात मुरलेला माणूस ऐकताक्षणी घराणं सांगतो, तसंच. पिशवीत आणखी बाटल्यांची बुचं, गळाची शिशाची वजनं, चॉकलेटची चांदी, पेनी आणि चाक नसलेल्या मोटारी. हे सगळं तो घरी नेऊन कचऱ्यात टाकतो, वाळूत परत टाकत नाही. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवतो. खड्डा न बुजवणारा माणूस त्यांच्यात जातीबाहेर.

आता आमची अंगठी. साखरपुड्यात सासऱ्यांनी घातलेली, पाऊण तोळ्याची, बावीस कॅरटची. छत्तीस वर्षं बोटातून निघायला साबण लागायचा. मग मला मधुमेह निघाला आणि बायकोने माझा आहार हातात घेतला. आठ महिन्यांत माझं वजन नऊ किलो उतरलं. पोट उतरलं याचं सगळ्यांनी कौतुक केलं. बोटंही उतरली हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यात इथल्या समुद्राचं पाणी जूनमध्येही गार, त्याने बोटं आणखी आक्रसतात, त्यात उन्हाचं क्रीम. झारेकऱ्यांच्या हंगामाला जून-जुलैत बहर का येतो याचं कारण एवढंच.

अंगठी गेल्याचं माझ्या लक्षात आलं ते दुपारी चारला. बायकोने विचारलं, "कुठे पडली?" मी ताबडतोब समुद्राकडे बोट दाखवलं. किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीत एका बाईने खिडकीवर चिकटवलेली चिठ्ठी दाखवली, त्यावरच्या नंबरला फोन केला, आणि चाळीस मिनिटांत आमच्या चांगल्या ओळखीची ती चकती घेऊन झारेकरी हजर झाला.

त्याने आधी यंत्र काढलंच नाही. वही काढली. जुने वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी तासभर खाल्लंप्याल्लं विचारायचे, तशी त्याची चौकशी. कोणतं बोट? किती वाजता? भरती होती की ओहोटी? गाडीची सीट पाहिली? पिशवीचं अस्तर? टॉवेल झटकला? कुठे झटकला? आणि मग खालच्या आवाजात, बायकोकडे न पाहता, "पडली, की फेकली?"

मी म्हणालो, "अहो, छत्तीस वर्षं झाली लग्नाला."

"म्हणूनच विचारतो," तो म्हणाला.

फेकलेली अंगठी हे त्यांच्या शास्त्रातलं वेगळं प्रकरण आहे. पडलेली अंगठी पायाशी असते, फेकलेली कुठेही. अशा वेळी तो भांडलेल्या माणसाला त्याच जागी उभं करतो, हातात तेवढ्याच वजनाचा एक वायसर देतो आणि सांगतो, फेका, तशीच. वायसर पडेल तिथून शोधाला सुरुवात. अडचण अशी की दुसऱ्यांदा तेवढा राग येत नाही. वायसर निम्म्या वाटेत पडतो, नवरा-बायको हसायला लागतात, आणि झारेकऱ्याला निमूटपणे मनातल्या मनात रागाचं अंतर वाढवून घ्यावं लागतं.

आमची पडलेली होती, म्हणून तो सरळ पाण्यात शिरला. मी गुडघाभर पाणी म्हणालो होतो. त्याने माझ्या पँटकडे एकदा पाहिलं, ती घोट्यापर्यंत कोरडी होती, पण तो काही बोलला नाही. वाळूत काठ्या रोवल्या, दोऱ्या ताणल्या, पट्टे आखले. मिठाचं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे यंत्र उगाचच कुरकुरत असतं. त्याची कुरकुर बंद करण्यात दहा मिनिटं गेली. बावीस कॅरटचं सोनं वाळूच्या दाण्यापेक्षा सहापटीहून जड. लाटांनी हलत्या ओल्या वाळूत ते बघता बघता खाली बसतं, म्हणून घाई करायला हवी, असं तो म्हणाला. आणि मग अजिबात घाई न करता त्याने सारवायला घेतलं.

दर अर्ध्या तासाला तो बाहेर यायचा, थर्मासमधला चहा प्यायचा आणि एक गोष्ट सांगायचा. कीर्तनकाराची आख्यानं ठरलेली असतात, तशी याच्याकडे दोन होती. पहिलं आख्यान १८८१ सालचं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गोळी लागली. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः तयार केलेलं यंत्र घेऊन गेले, याच चकतीचा पूर्वज. यंत्र वाजलं, पण भलतीकडेच वाजत राहिलं, कारण अध्यक्ष झोपले होते त्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. वर डॉक्टरांनी बेलना उजवी बाजूच तपासू दिली, गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. यावर झारेकऱ्याने कपातली चहाची पत्ती वाळूत झटकली आणि म्हणाला, "यंत्र बरोबर होतं. जागा चुकीची सांगितली होती." मी दुसरीकडे बघायला लागलो.

दुसरं आख्यान १९९२ चं, सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावचं. एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने एरिक लॉस नावाच्या, निवृत्त माळी असलेल्या मित्राला यंत्र घेऊन बोलावलं. हातोडीऐवजी लागली रोमन काळातली सोन्याचांदीची जवळजवळ पंधरा हजार नाणी, शिवाय चमचे आणि दागिने. लॉस यांनी थोडंसं काढून हात थांबवला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, म्हणून पेटीत काय कसं रचलं होतं तेही कळलं. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस ठरलं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. कोणत्याही मराठी माणसाची गोष्ट इथे संपेल. झारेकऱ्याची संपली नाही. तो पुढे वाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आणि हातोडीही सापडली." ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्या कामासाठी बोलावलं ते पुरं झालं, याचा त्याला सोन्याहून जास्त आनंद होता.

या सुवर्णसंधीचा फायदा घेऊन मी विचारलं, आमची अंगठी सापडली तर सरकारजमा होणार का? तो म्हणाला, इथला कायदा १९९६ चा. सोन्याचांदीची वस्तू तीनशे वर्षांहून जुनी असेल तर ती सापडल्यावर चौदा दिवसांत कोरोनरला कळवावं लागतं. कोरोनर म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. पुरलेला खजिनाही त्याच्याच खात्यात. "तुमच्या लग्नाला तीनशे वर्षं झालेली नाहीत ना?"

"वाटतात तेवढी," बायको म्हणाली. तिला इंग्रजी समजत नाही असं मी तोवर धरून चाललो होतो.

मी त्याला सांगितलं की आमच्याकडचा निखात निधीचा कायदा १८७८ चा, तुमच्याच राणीच्या काळातला, आणि त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला कळवायचं आहे. दहा रुपयांत आज काय येतं हे त्याला समजावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे कडी सापडली तरी अर्ज?" त्याच्या चेहऱ्यावर आमच्या कलेक्टरबद्दल खरीखुरी कणव होती.

दीड तास झाला. सात कड्या निघाल्या, एक चमचा निघाला. ऊन उतरलं, वारा सुटला. बायको बाकावर शाल गुंडाळून बसली होती आणि त्याच्यासाठी आणलेला लाडवांचा डबा तिच्या मांडीवर होता. झारेकरी पाण्यातून बाहेर आला, ओठ निळे पडलेले. माझ्या शेजारी उभा राहिला, एका कानावरून हेडफोन सरकवला आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "साधारण याच सुमाराला लोक मला दुसरी जागा सांगतात."

मी काही बोललो नाही.

"पहिली जागा घरच्यांसाठी असते," तो म्हणाला. "दुसरी माझ्यासाठी. मला कारण नको असतं, फक्त जागा हवी असते."

इतकी वर्षं देवळात गेलो, पण एवढी सोय मला कोणत्याही देवाने देऊ केली नव्हती. मी सांगितलं. बायकोचा दुपारी डोळा लागला होता. आइस्क्रीमची गाडी उभी होती. मऊ व्हॅनिला, वर चॉकलेटची कांडी खोचलेली. ते वितळून मनगटापर्यंत ओघळलं, पुरावा नको म्हणून मी वरच्या रस्त्यालगतच्या नळाखाली हात चोळचोळून धुतले. त्यानंतर अंगठी पाहिल्याचं आठवत नाही.

त्याने मान हलवली, दोऱ्या गुंडाळल्या आणि नळाकडे गेला. तीन फेरे. तिसऱ्या फेऱ्यात तो थांबला, कपाळाला आठी घातली. नऊ कॅरटच्या इंग्रजी अंगठ्यांना सरावलेल्या त्याच्या कानाला आमचं बावीस कॅरट नाण्यासारखं लागलं. गुडघे टेकले, कमरेची नारिंगी कांडी (ही मंडळी तिला गाजर म्हणतात) वाळूत खुपसली, आणि मूठ मिटली.

पुढे त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो मूठ मिटूनच परत खाली पाण्यापर्यंत गेला. मी म्हणालो होतो त्याच जागी उभा राहिला. झारा वाळूत मारला, पाण्यात हलवला आणि दोन्ही हात वर करून ओरडला. बायको शाल टाकून धावली. झाऱ्यात चार शिंपल्यांच्या मध्ये सासऱ्यांची अंगठी चमकत होती.

पैसे घ्यायला तो तयार होईना. फार आग्रह केल्यावर म्हणाला, लाइफबोटवाल्यांच्या डब्यात टाका. समुद्रात बुडणाऱ्यांना काढणारी ती संस्था, इथून जवळच पूलला तिचं मुख्य कार्यालय आहे. त्याने अंगठीचा फोटो काढला, आमचा नाही. लाडू मात्र दोन खाल्ले, रवा म्हणजे काय ते वहीत लिहून घेतलं, आणि जाता जाता सवयीने नळाजवळचा खड्डा पायाने बुजवला.

गाडीत बसल्यावर बायकोने अंगठीला दोरा गुंडाळला आणि माझ्या बोटात घातली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चांगला माणूस आहे. तुम्ही चहा आणायला गेलात ना, तेव्हा मला विचारत होता, तुमच्या मते दुसरी जागा कोणती?"

माझा पाय ब्रेकवर गेला. "मग?"

"मी सांगितलं, आइस्क्रीमच्या गाडीपासून सुरू करा."

"अगं, मग दीड तास त्या माणसाला गार पाण्यात कशाला उभं केलंस?"

"मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, साहेब स्वतः सांगेपर्यंत थांबू या." तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि उद्यापासून रात्रीची पोळी एकच."